परतीचा टेंपो

नाटक रात्री पावणेबाराला संपलं.
टाळ्या बऱ्या होत्या. तिकिटं एकशे बारा.
सकाळी सातला दांडिया बाजारात भगाभाईचा टेंपो उभा
आणि माझ्या हातात ती वही,
जिच्यात नाटकाचं नाव कुठेच नाही,
नुसतं : कोणाचं काय, कधी परत.

आधी खारीवाव. दार उतरवलं.
तेच, जे मृणाल दुसऱ्या अंकात आपटून जाते.
मांजलपूरच्या कुठल्याशा फ्लॅटसाठी ते तयार होतं;
घरमालक मुहूर्त शोधत होते,
तेवढ्यात आम्ही मागून आणलं.
जीवणभाईंनी बिजागरीवर बोट फिरवलं.
"जोरात आपटलं वाटतं बेननी."
म्हटलं, रडू लपवायचं होतं तिला.
"मग ठीक," म्हणाले,
आणि तेलाचा एक थेंब सोडला.
आता त्या दारामागे कोणी दात घासेल, भांडेल,
आतून कडी लावून बसेल,
आणि बिजागरी कुरकुरलीच कधी
तर कोणाला कळायचं नाही
ते वाक्य कोणाचं.

सिंहासन मंडपवाल्याकडे.
काल त्यावर बसून पागे राज्य गमावत होते,
आज संध्याकाळी तिथे नवरदेव.
गादीत एक टाचणी राहिली असेल, बघून घ्या,
एवढं मी दोनदा सांगितलं.

राजा टकला होता हे लोकांना फार भावलं.
"धाडसी विचार आहे," चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले.
खरं तर छबीलदास गेल्या दिवाळीत वारले.
त्यांच्या टोपांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
आणि पाग्यांना मुळातच केस नाहीत.
रावपुऱ्यात एक शटर खाली येतं
आणि तीन गल्ल्या पलीकडे
एका राजाचा स्वभाव बदलतो.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

पुलावर गर्दी. विश्वामित्रीत मगर दिसली म्हणे.
भगाभाई टेंपो थांबवतोच.
मी सवयीने डोकी मोजते :
एकशे बारापेक्षा जास्त.
मगर काहीच करत नव्हती.

मुस्तुफाभाई नवरात्रात आम्हाला ओळख दाखवत नाहीत.
त्या नऊ रात्रींवर आमचं वर्ष निघतं.
मैदानात हजारो पावलं फिरतात,
तेव्हा कुठे हे आठ जुने दिवे
आमच्या वाट्याला येतात, "पछी जोईशुं"च्या भाड्यानं.
आज दिवे पुसता पुसता म्हणाले,
सगळं एलईडी झालं, बेन,
ही डबडी भंगारात घालायला काढली होती,
मग तुम्ही आठवलात.
भंगारवाल्याच्या आणि आमच्या मध्ये
एवढी एक आठवण.

हसुमतीबेनना काही परत द्यायचं नव्हतं.
राणीच्या पदराला लावलेली आरशांची पट्टी
त्यांच्याच चणियाचोळ्यांच्या कापातून उरलेली.
त्यांची मुलगी काल आली होती, पहिल्या रांगेत,
मराठी ओ की ठो कळत नाही तिला.
राणी विष पिते, सभागृह गप्प,
आणि ही ओरडली, "मम्मी, आपणी पट्टी!"
लोक हसले. मृणाल अजून रागात आहे.
मला मात्र वाटतं, अख्ख्या प्रयोगात
खरं काय ते तिनेच पाहिलं.

अकरा वाजले. टेंपो रिकामा.
वहीतल्या सगळ्या ओळींवर काट.
भगाभाई मागे वळून बघतो,
"बेन, यात तुमचं काय होतं?"
मी शोधते.
कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात सेटमधून उपसलेले खिळे, वाकडे,
दर प्रयोगानंतर आम्ही सरळ करून ठेवतो.
खिळे आमचे, म्हणते मी.
आणि ही हातोडी?

हातोडी जीवणभाईंची.
भगाभाई काही बोलत नाही.
टेंपो पुन्हा खारीवावकडे वळवतो.